लेझरची काठी : नऊ महिने वापरून झाल्यावर

आमच्या बाथरूमच्या दारात उंबरठा नाही. आतली फरशी फक्त वेगळ्या रंगाची आहे. त्या दोन रंगांच्या सांध्यावर आलं की माझे पाय थांबतात. धड आत जायला निघालेलं असतं, तळवे मात्र डिंक लावल्यासारखे जमिनीला. गुडघे थरथरतात, टाचा उचलल्या जातात, पाऊल काही पडत नाही. डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतात. आमच्या घरातला शब्द आहे ‘चिकटणं’. “चिकटलीस का गं?” असं हे बाहेरून विचारतात आणि मी उत्तर देईपर्यंत सुटलेली तरी असते किंवा चिडलेली तरी.

मी 66 वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन 8 वर्षं झाली. या काठीबद्दल विकणाऱ्यांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं, वापरणाऱ्यांनी लिहिलेलं फारच थोडं सापडलं, म्हणून हे लिहिते. टाइप करते आहे, कारण हाताने लिहिलेलं आता मलाच वाचता येत नाही. पहिली ओळ बरी येते, तिसऱ्या ओळीत अक्षरं मुंगीएवढी होतात.

काठी म्हणजे साधी अ‍ॅल्युमिनियमची, उंची कमीजास्त करता येणारी. खालच्या टोकापासून वीतभर वर लेझरची डबी. काठी जमिनीवर टेकवून दाब दिला की पायांपुढे साधारण हातभर अंतरावर एक आडवी हिरवी रेघ उमटते. ती ओलांडायची, बस्स. मुठीजवळच्या बटणाने रेघ कायम चालूही ठेवता येते.

एवढ्याशा रेघेने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. खोक्यातून काढली त्याच संध्याकाळी बाथरूमच्या दारात टेकवली. रेघ पडली, उजवा पाय उचलला गेला आणि मी आत. हे आपले टॉवेल घेऊन उभेच. पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. असं सात वेळा केलं. आठव्यांदा चिकटले, पण तोवर माझं मत बनलं होतं.

यात जादू काही नाही. मेंदूच्या तळाशी एक काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि कंपवातात त्या मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं ही आपोआप होणारी कामं ज्या यंत्रणेवर चालतात, तिला हे डोपामिन लागतं. ती अडखळली की ‘आपोआप’ बंद पडतं. मुद्दाम केलेल्या हालचालीला मात्र मेंदूत दुसरी वाट असते. डोळ्यांना ओलांडायला काही दिसलं की पाऊल त्या वाटेने निघतं. सपाट जमिनीवर चिकटणारी माणसं जिना मात्र सरसर चढतात, ते यामुळेच. माझ्या एका नातेवाइकाला हे पाहून मी नाटक करते असं वाटायचं. त्यांना समजावणं मी आता सोडून दिलं आहे.

जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की असे रुग्ण बरे चालतात, हे 1960 च्या दशकापासून माहीत आहे. काठी घेण्याआधी आम्हीही दारांत रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. नातीने फूटपट्टी घेऊन समान अंतर मोजलं होतं. पट्ट्यांनी काम होतं, पण त्या घरापुरत्या. दुसऱ्याच्या घरी जाऊन फरशीवर पट्ट्या कशा चिकटवणार? काठी बरोबर येते, हा तिचा खरा फायदा.

आता तक्रारी.

बटण. ज्याने हे बटण बनवलं त्याचे हात कधीच थरथरले नसणार. वाटाण्याएवढं, मुठीत खोल बसवलेलं, आणि दोन सेकंद दाबून धरायचं. माझा अंगठा दोन सेकंद एका जागी राहत असता तर मला काठीच लागली नसती! बदलायचे सेल तर इवल्या स्क्रूने बंद केलेल्या झाकणामागे आहेत. ते काम यांच्याकडे.

ऊन. बाहेर भर दुपारी रेघ दिसतच नाही. लालपेक्षा हिरवी घ्या, हा सल्ला बरोबर आहे, कारण तेवढ्याच शक्तीचा हिरवा प्रकाश आपल्या डोळ्यांना जास्त उजळ दिसतो. पण सूर्यापुढे तोही हरतो. चकचकीत फरशीवर रेघ फाटते, गडद गालिच्यावर विरते. मला ती सगळ्यात छान दिसते ती रात्री, दिवा न लावता. तेव्हाच उठावंही लागतं, त्यामुळे चाललं.

थरथर. ही गंमत कुणी सांगत नाही. कंपवाताचा कंप हात निवांत असताना जास्त, काम करताना कमी. रेघ कायम चालू ठेवून मी काठी नुसती धरून उभी राहिले की रेघही थरथरते, सेकंदाला चार-पाच वेळा. एकदा लिफ्टची वाट पाहत होते, तर शेजारचा छोटा मुलगा खाली बसून ती पकडायला लागला. आजाराची इतकी आनंदी दखल आजवर कुणी घेतली नव्हती. (रेघ डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलांच्या तर नाहीच. त्याला लगेच उठवलं.)

सेवा. दुसऱ्या महिन्यात दाबाने रेघ उमटणं बंद झालं. कंपनीला फोन लावला. पलीकडे यंत्राचा आवाज : “पुढे जाण्यासाठी ‘हो’ म्हणा.” कंपवातात आवाजही बारीक होतो. ज्या आवाजात मी साठ मुलांचा वर्ग गप्प केला, त्याच आवाजातलं ‘हो’ त्या यंत्राला तीनदा ऐकू गेलं नाही आणि फोन कापला गेला. ज्या आजारासाठी वस्तू विकता, त्या आजाराच्या माणसाला फोन करता येईल एवढं तरी बघा. शेवटी सुनेने ईमेल केली. काठी बदलून मिळाली, तीही लवकर. न्यायाने सांगायचं तर, तिथल्या बाई बोलायला चांगल्या होत्या.

काठी काय करत नाही, ते घेणाऱ्याला आधी कळायला हवं. ती तोल सांभाळत नाही. मागे तोल जात असेल तर ही काठी तुमच्या कामाची नाही. सगळ्यांनाच रेघ लागू पडते असंही नाही. काहींना ताल लागतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राच्या, टकटकीवर चालतात, रेघ दिसली की उलट गोंधळतात. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टसमोर चालून पाहा आणि मग घ्या. काठी हातात घेऊन चालणं हेसुद्धा एक जास्तीचं काम आहे, आणि आम्हाला एका वेळी दोन कामं झेपत नाहीत. चालताना कुणी “औषध घेतलंस का?” विचारलं की मी जागीच थांबते.

गोळ्यांची वेळ टळली तर काठीची बरीचशी मदतही ओसरते. माझी मुख्य गोळी लेव्होडोपा, तिचंच मेंदूत डोपामिन होतं. तिचा असर उतरायला लागला की मला तो आधी बोटांत कळतो, मग पायांत. प्रथिनं जास्त असलेल्या जेवणाबरोबर ती गोळी घेतली तर नीट शोषली जात नाही, हे मला पाच वर्षांनी कळलं. पाच वर्षं मी “आज काय झालंय कोण जाणे” म्हणत होते.

आणि भीती. पाय सगळ्यात जास्त चिकटतात ते कुणी वाट बघत असताना. लिफ्टचं दार उघडं, आत चार माणसं, सगळी माझ्या चपलांकडे बघतायत. अशा वेळी रेघ दिसते, पण ओलांडता येत नाही. “चल ना, चल ना” म्हणणारे आणि हाताला धरून ओढणारे यात भर घालतात. यांनाही ते शिकावं लागलं. मराठीत आता आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत पडते आहे. हे सुरुवातीला बऱ्यापैकी घाईचे शुभंकर होते. आता फक्त “थांब, श्वास घे” म्हणतात. मी उभी राहून वजन डावीकडून उजवीकडे नेते, एकदा, दोनदा, मग रेघ आणि मग मोठं पाऊल. जागच्या जागी गर्रकन वळत नाही, मोठा वळसा घेते.

मनाबद्दल एक सांगायचंच आहे, विषयांतर झालं तरी. कंप दिसायच्या दोन वर्षं आधी माझा कशातलाच रस गेला होता. कोडी सोडवणं बंद, फोन घेणं बंद. एका डॉक्टरांनी निवृत्तीचं कारण दिलं, घरच्यांनी स्वभावाचं. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नैराश्य या आजारात पुष्कळदा कंपाच्या आधीच येतं. आजार मनाला लागतो म्हणून नव्हे, तर मेंदूतली इतर रसायनंही बिघडतात म्हणून. त्यावरची गोळी सुरू झाली आणि दोनेक महिन्यांनी मी परत कोडी सोडवायला लागले. काठी मागवण्याचा उत्साह त्या गोळीचा आहे. आधी आणली असती तर कोपऱ्यात पडून राहिली असती, मी स्वतःला ओळखते.

तिसऱ्या महिन्यापासून रेघेचा असर कमी झाल्यासारखा वाटला. डोळे सरावले असावेत. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, दिवसभर चालू ठेवू नका, दारं आणि वळणं एवढ्यापुरतीच वापरा. तेव्हापासून बरं चाललं आहे. आता बाथरूमच्या दारात दहापैकी सात-आठ वेळा काम होतं, लिफ्टमध्ये चारेक वेळा.

गुण द्यायची सवय जात नाही. दहापैकी साडेसहा. उत्तर पूर्ण बरोबर नाही, पण पायऱ्यांचे गुण मी नेहमीच देत आले. बटण बदलाल तर आठ.

जास्तीचे सेल घरात ठेवा. आमच्याकडचे एका रात्री तीन वाजता संपले. मी बाथरूमच्या दारात, हातात काठी, पुढे अंधार. हाक मारली, पण माझी हाक म्हणजे कुजबुज. तरी हे उठून आले. दिवा लावायचा सोडून माझ्यासमोर उभे राहिले आणि आपलं एक पाऊल माझ्या पायांपुढे आडवं ठेवलं. मी ते ओलांडून आत गेले.

सेल दुसऱ्या दिवशी आणले. पाऊल मी अजूनही अधूनमधून मागते, रेघ चालू असतानासुद्धा.