बर्न-इनमधलं मशीन: आतून नजर ठेवावी की बाहेरून?

बर्न-इनसाठी, म्हणजे पॅकिंगआधी बराच वेळ ताण देऊन तपासण्यासाठी, रॅकमध्ये चढवलेल्या मशीनवर नेटवर्कमधून लक्ष ठेवायचं तर ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिलीत मशीन पीएक्सईने, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून, लिनक्सवर बूट होतं आणि त्यातला छोटासा एजंट दर काही सेकंदांनी आपली खबर मुख्य सर्व्हरला कळवत राहतो. दुसरीत आपण मशीनला विचारतच नाही. बोर्डावरच्या बीएमसीला, म्हणजे देखरेखीसाठीच्या वेगळ्या छोट्या चिपला, आयपीएमआय किंवा रेडफिश या तिच्याशी बोलायच्या प्रमाणित पद्धतींनी विचारतो, कारण मुख्य प्रोसेसर चालू असो वा बंद, ती स्टँडबाय वीजेवर जागी असते. मी दोन्ही पद्धतींवर काम केलं आहे. नवी लाइन उभी करताना कोणती निवडावी हा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा अनुभव मुख्यतः सर्व्हर बोर्डांचा आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचावं.

आधी एक गोष्ट, जी दोन्हीकडे लागू आहे. डेटा सेंटरसाठी बनलेली प्रोमीथियस किंवा झॅबिक्ससारखी देखरेखीची साधनं इथे लावता येतात, पण त्यांची नेहमीची मांडणी बहुधा मशीन ठरलेल्या नावाने दीर्घकाळ राहणार असं धरून केलेली असते. फॅक्टरीत काल आलेलं मशीन उद्या पॅक होऊन जातं आणि त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हे पत्ते वाटणारा डीएचसीपी दुसऱ्याच मशीनला देऊन मोकळा होतो. त्यामुळे आलेख आयपीच्या नावाने साठवू नका. सीरियल नंबर हीच ओळख धरा. कोऱ्या बोर्डात तो अजून लिहिलेलाच नसेल, तर रॅकमध्ये चढवताना बारकोड स्कॅन करून मॅक ॲड्रेसशी (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाशी) त्याची जोडी लावून ठेवा. एवढं केलं नाही तर पुढचं सगळं वाळूवर उभं राहतं.

एजंटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. त्याला आतलं दिसतं. प्रत्येक कोरचं तापमान, घड्याळाचा वेग कधी खाली आला, डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते), मेमरीत दुरुस्त झालेल्या एरर किती आणि कुठल्या चॅनेलवर, हे सगळं तो सांगतो. मुख्य म्हणजे त्या क्षणी कोणती टेस्ट चालू होती हे त्यालाच ठाऊक असतं. बीएमसीला ते कळायला मार्ग नाही. पंखा जोरात फिरतोय एवढं ती सांगेल, पण त्याचं कारण प्रोसेसरवरचा ताण आहे की टेस्ट अडकली आहे, हे तिच्या आवाक्याबाहेरचं. शिवाय एजंट स्वतःहून खबर पाठवतो, त्यामुळे कोणाकोणाला विचारायचं याची यादी सांभाळावी लागत नाही.

मग अडतं कुठे? मशीन गप्प झालं की.

पडद्यावर एखादी ओळ लाल होते: इतक्या वेळापासून खबर नाही. आता कारण काय? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅनिक होऊन थांबला असेल. बोर्ड ठार अडकलं असेल. केबल सैल असेल, किंवा स्विचचा पोर्ट गेला असेल. मेमरीवर ताण देणाऱ्या टेस्टने जागाच संपवली आणि कर्नलने मोकळी जागा करण्यासाठी नेमका एजंटच मारला, असंही होतं. (हा प्रकार टाळायला एजंटचं ओओएम स्कोअर समायोजन, म्हणजे मेमरी संपल्यावर कोणाला मारायचं हे ठरवताना धरला जाणारा आकडा, उणे 1000 करून ठेवावं, म्हणजे कर्नल त्याला हात लावत नाही.) नेटवर्क कार्डची टेस्ट त्याच वायरवर चालू असेल तर खबरीची पाकिटं त्या गर्दीत मागे पडतात. किंवा कोणीतरी मशीन नुसतंच दुसऱ्या रॅकमध्ये हलवलेलं असतं. या सगळ्यांची पडद्यावरची ओळ अगदी एकसारखी दिसते. बेशुद्ध पडलेल्या रुग्णाने आपला ताप आपणच मोजून सांगावा, अशी ही अपेक्षा आहे. पिंग करून, म्हणजे उत्तर येतं का बघायला छोटा संदेश पाठवून, पाहावं तर तेही दगा देतं. प्रोग्रॅमांचा सगळा थर मेला तरी कर्नल पिंगला उत्तर देत राहतो.

याहून वाईट पुढे आहे. शिफ्ट बदलते, नवा टेक्निशियन लाल ओळ बघतो, रॅकपाशी जातो, पॉवर बटण दाबून धरतो आणि मशीन पुन्हा चालू करतो. त्याची चूक नाही. त्याला लाइन चालू ठेवायची असते. पण नेटवर्कवरून बूट झालेल्या मशीनची फाइल सिस्टिम बहुधा मेमरीतच असते. बटण दाबलं की लॉग गेला, शेवटच्या ओळी गेल्या, पुरावा गेला. टेस्ट पहिल्यापासून सुरू होते, आणि दोष अधूनमधून डोकं वर काढणारा असेल तर मशीन या वेळी पास होऊन पॅकिंगला जातं. बर्न-इन करायचं ते अशाच, सुरुवातीच्या काळात मान टाकणाऱ्या मशीनना पकडण्यासाठी. पकडलेलं मशीन असं हातून निसटताना मी पाहिलं आहे, आणि माझा कौल तिथेच एका बाजूला झुकला.

बीएमसीच्या वाटेवर हीच घटना वेगळी दिसते. आयपीएमआयच्या 2004 सालच्या 2.0 आवृत्तीपासून सीरियल ओव्हर लॅन, म्हणजे सीरियल पोर्टवरचा मजकूर नेटवर्कवरून वाचायची सोय, प्रमाणित झालं आहे. लिनक्सचा कन्सोल, म्हणजे तो छापत असलेले संदेश, सीरियल पोर्टवर वळवायचा आणि टेस्ट चालू असताना तो सतत सर्व्हरवर टिपत राहायचा. मशीन पडलं तरी त्याने मरताना छापलेलं आधीच आपल्याकडे पोचलेलं असतं. कधी मशीन काही न छापताच थिजतं. तेव्हा बीएमसीचा सिस्टिम इव्हेंट लॉग, म्हणजे घटनांची नोंदवही, उघडायचा. त्यात दुरुस्त न होणारी मेमरी एरर आणि बऱ्याच बोर्डांवर कोणत्या स्लॉटमधली, हेही नोंदलेलं सापडतं. ही नोंद बीएमसीच्या स्वतःच्या कायम साठ्यात असल्याने पॉवर बटण दाबलं तरी पुसली जात नाही. बीएमसीकडून वीज चालू असल्याचं उत्तर येत असेल, पण एजंट गप्प आणि कन्सोलही थिजलेला असेल, तर केबलमागे धावायचं कारण उरत नाही. बोर्ड बाजूला काढायचं.

या वाटेचे त्रास नाहीत असं मुळीच नाही. सेन्सरची नावं प्रत्येक बोर्डावर निराळी असतात. 2015 साली आलेल्या रेडफिशमुळे बरीच शिस्त आली आहे, पण प्रत्येक उत्पादकाचं थोडं थोडं वेगळं चालूच आहे. काही बोर्डांवर इव्हेंट लॉग भरला की नवी नोंद घेणंच थांबतं, म्हणून टेस्टच्या सुरुवातीला तो रिकामा करून घ्यावा. बीएमसीचं घड्याळही नव्या बोर्डावर भलतीच तारीख दाखवत असतं, तेही आधी लावून घ्यावं. नाहीतर दोन लॉग जुळवताना डोकं फिरतं. बीएमसीचं नेटवर्क पूर्ण वेगळं ठेवा. आयपीएमआय 2.0 मध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (त्यापासून काढलेला सांकेतिक ठसा) विचारणाऱ्याच्या हाती पडतो. हा दोष प्रोटोकॉलच्या रचनेतच आहे, फर्मवेअर बदलून जात नाही. आता बऱ्याच बोर्डांना लेबलवर छापलेला स्वतंत्र पासवर्ड असतो, तोही बारकोडसोबत स्कॅन करून घ्यावा लागतो. आणि शक्य असेल तर बीएमसीचा स्वतःचा पोर्टच वापरा. मुख्य नेटवर्क कार्डाशी वाटून घेतलेला पोर्ट घेतला तर नेटवर्क टेस्टची गर्दी पुन्हा त्याच वायरवर येते, आणि इतका खटाटोप करून आपण होतो तिथेच.

केबल आणि स्विचचे पोर्ट दुप्पट लागतात, हे उघड आहे.

तुमच्या लाइनवर लॅपटॉप किंवा साधे डेस्कटॉप असतील तर हा वादच संपतो, कारण तिथे सहसा बीएमसी नसते. एजंटच चालवा, पण त्याला नेटकन्सोलची जोड द्या. कर्नलचे संदेश ते यूडीपीवरून थेट दुसऱ्या मशीनकडे फेकतं, म्हणून पॅनिकच्या ओळी बऱ्याचदा हाती लागतात. पूर्ण थिजलेल्या बोर्डापुढे मात्र तेही हतबल आहे. बोर्डावर सीरियल पोर्ट असेल तर कन्सोल सर्व्हर, म्हणजे त्या पोर्टचा मजकूर नेटवर्कवर देणारं वेगळं उपकरण, लावणं त्याहून भरवशाचं.

सर्व्हर बोर्डांसाठी मात्र, दोन्हींपैकी एकालाच जागा असेल तर मी बीएमसीच्या बाजूने जाईन. आतल्या बारकाव्यांचा मोह सोडावा लागतो, पण कन्सोलवर टेस्टचे टप्पे छापत राहिलात तर त्यातला बराचसा भाग तिथूनच परत मिळतो. दोन्ही परवडत असतील तर एजंटला आकडे गोळा करू द्या, आणि पास की फेल हा निर्णय बीएमसीच्या नोंदी पाहिल्याशिवाय होणार नाही अशी व्यवस्था करा. म्हणजे एजंटने सगळं हिरवं दाखवलं तरी इव्हेंट लॉगमध्ये टेस्टच्या काळातली एक जरी न समजलेली नोंद असेल, तर मशीन पुढे सरकता कामा नये. पॅकिंगआधी हा लॉग पुसायचाच असतो, नाहीतर ग्राहकाला पहिल्याच दिवशी फॅक्टरीतल्या जुन्या नोंदी दिसतात. पुसण्याची ती आज्ञा मात्र अशी बांधा, की लॉगची प्रत सीरियल नंबरच्या नावाने साठवली गेल्याशिवाय ती चालणारच नाही.