ओल्ड स्कूल रूनस्केप, आठ महिन्यांनंतर: घासायचं किती आणि नवं मिळतं किती

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही, आणि ऑनलाइन गेमचे नवे गडी याच दिवसांत तयार होतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यात ग्राइंड किती आहे?" म्हणजे आकडे वाढवायला तेच काम पुन्हा पुन्हा किती घासावं लागतं? ओल्ड स्कूल रूनस्केप आठ महिने मेंबरशिपसकट (म्हणजे पैसे भरून उघडणाऱ्या भागासकट), लॅपटॉप आणि फोन दोन्हींवर चालवून पाहिल्यावर उत्तर असं: ग्राइंड प्रचंड आहे. पण तो कुठे दार उघडतो आणि कुठे नुसता आकडा वाढवतो, हे आधी कळलं तर त्यातला मोठा भाग करावाच लागत नाही.

गेम केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. 2007च्या ऑगस्टमधली जुनी प्रत काढून तो 2013मध्ये पुन्हा सुरू केला. ग्राफिक्स त्या काळातलेच, त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉपही पुरतो. 2018पासून फोनवरही आहे आणि खातं तेच चालतं. हा फायदा मोठा आहे, त्यावर पुढे लिहिलंय.

आधी आकडे, कारण सगळी गोम तिथेच आहे. कुठल्याही स्किलची (झाडं तोडणं, खाणकाम अशा कौशल्याची) 99 लेव्हल गाठायला 1,30,34,431 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. याच्या निम्मे एक्सपी 92व्या लेव्हलला होतात, म्हणजे शेवटच्या सात लेव्हल आधीच्या सगळ्या प्रवासाएवढ्या लांब. 70व्या लेव्हलला लागतात फक्त 7,37,627. आता साँग ऑफ द एल्व्ह्ज ही क्वेस्ट, म्हणजे गोष्ट असलेली मोहीम, घ्या. तिला अ‍ॅजिलिटी, कन्स्ट्रक्शन, फार्मिंग, हर्बलोर, हंटर, मायनिंग, स्मिथिंग आणि वुडकटिंग अशी आठ स्किल 70वर हवीत. यादी वाचूनच नवा माणूस गेम बंद करतो. पण बेरीज करून बघा: आठ गुणिले 7,37,627 म्हणजे 59,01,016. एका स्किलच्या 99च्या निम्म्याहूनही कमी! त्या कष्टात आठ स्किल कामाची होतात, एक अख्खं नवं शहर उघडतं आणि हाताने लिहिलेली लांबलचक गोष्ट खेळायला मिळते. उरलेल्या मोठ्या आकड्याच्या बदल्यात मिळतो अंगावर घालायचा एक केप.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. नवं काही बघायचं असेल तर 70 ही लेव्हल डोळ्यांसमोर ठेवावी. 99 ज्यांना आकडा वाढताना बघायला खरोखर आवडतो त्यांच्यासाठी, आणि असे लोक आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

घासणं म्हणजे नेमकं काय, ते यू झाडाच्या हिशोबाने कळेल. हे झाड 60व्या लेव्हलला तोडता येतं, एका ओंडक्याचे 175 एक्सपी. साठपासून नव्याण्णवपर्यंत याच झाडावर जायचं ठरवलं तर साधारण 72,900 ओंडके लागतात. पिशवीत जागा 28, म्हणजे सव्वीसशेच्या वर फेऱ्या. झाड, बँक, झाड, बँक. पहिल्या फेरीत जे शिकलात त्यापेक्षा सव्वीसशेव्या फेरीत एक अक्षर जास्त शिकत नाही. घाण्याच्या बैलालाही रात्री सोडतात. हे काम करायचंच असेल तर फोनवर, दुसरं काहीतरी ऐकत करावं. लॅपटॉपसमोर बसून केलं तर पंधरा दिवसांत गेमच नको होतो. मधेच सोडून जाणारे बहुतेक जण इथेच सुटतात, गेम वाईट म्हणून नाही.

सुरुवातीचा ग्राइंड तर जवळजवळ सगळाच चुकवता येतो, कारण क्वेस्टचं बक्षीस एक्सपीत मिळतं. नाइट्स सोर्ड ही फुकट भागातली क्वेस्ट बघा. फॅलाडोरच्या किल्ल्याच्या अंगणात उभ्या असलेल्या स्क्वायरशी बोलायचं. मग व्हॅरॉकच्या ग्रंथालयात रेल्डोकडे. मग पोर्ट सारिमच्या दक्षिणेला राहणाऱ्या थर्गो या बुटक्या लोहाराकडे. थर्गो रेडबेरी पाय दिल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो आधीच बरोबर घ्या, नाहीतर अर्ध्या नकाशाची उलटी फेरी पडते. त्याला तलवारीचं चित्र हवं असतं, ते किल्ल्यात वरच्या मजल्यावर सर व्हायविनच्या कपाटात आहे. त्याचं लक्ष असताना कपाट उघडू देत नाही, नजर वळेपर्यंत थांबावं लागतं. शेवटी दोन लोखंडी बार आणि एक ब्लूराइट खनिज. ब्लूराइट बर्फाच्या भुयारात मिळतं, मायनिंग 10 लागतं आणि वाटेत बर्फाचे राक्षस व योद्धे असतात. नवे खेळाडू इथेच मरतात, कारण ते लढायला थांबतात. थांबू नका. पिशवीत शिजवलेले मासे ठेवा, पळत जा, खडक फोडा, पळत बाहेर या.

मोबदला 12,725 स्मिथिंग एक्सपी, म्हणजे लेव्हल 1वरून थेट 29. हेच ब्रॉन्झचे बार वितळवून आणि ठोकून करायचं म्हटलं तर सुमारे 680 बार लागतात, प्रत्येकाला एक तांब्याचा आणि एक कथलाचा दगड. अर्ध्यापाऊण तासाची गोष्ट विरुद्ध साडेतेराशे दगड. मेंबर झाल्यावर हाच न्याय वॉटरफॉल क्वेस्टला: अटॅक आणि स्ट्रेंथ दोन्हींत 13,750 एक्सपी, दोन्ही लेव्हल 1वरून 30, आणि त्यासाठी लढाईची एकही लेव्हल लागत नाही. शिवाय व्हॅरॉकच्या म्युझियममधली प्राण्यांची प्रश्नमंजुषा सोडवली की हंटर आणि स्लेयर दोन्ही 9वर. जो माणूस पहिल्याच दिवशी कोंबड्या मारत बसतो त्याला ही तीन नावं कोणीतरी सांगायला हवीत.

आता गेमची सगळ्यात चांगली बाजू. गेल्या काही वर्षांत बनवणाऱ्यांनी जुनं घासायचं कामच उलगडून नव्याने विणलं. 2022मध्ये आलेली जायंट्स फाउंड्री हे त्याचं उत्तम उदाहरण. आधी स्मिथिंग म्हणजे ऐरणीवर क्लिक करायचं आणि पिशवी रिकामी व्हायची वाट बघायची. फाउंड्रीत कोवॅक नावाचा राक्षस तुम्हाला तलवारीची फर्माईश देतो, समजा अरुंद आणि हलकी. मुशीत 28 बार जातात. एकाच धातूचे टाकण्यापेक्षा दोन धातूंचं मिश्रण केलं तर दर्जा चढतो, साधारण चौदा-चौदा. मग पात्याचा मुठीजवळचा भाग, पातं आणि टोक यांचे साचे फर्माइशीला जुळतील असे निवडायचे. ओतलेली तलवार तीन यंत्रांवर फिरवायची: लालभडक तापलेली असताना घणाचं यंत्र, मध्यम उष्णतेला सहाण, थंडावत आली की पॉलिशचं चाक.

खरी गंमत उष्णतेच्या पट्टीत आहे. घण आणि पॉलिश तलवार थंड करत जातात, सहाण उलट तापवत जाते. म्हणून सहाणेवर जाताना पट्टीच्या खालच्या कडेला असावं आणि घणावर जाताना वरच्या. मध्यावर सुरुवात केली की काम अर्ध्यात असतानाच उष्णता पट्टीबाहेर सरकते आणि दर्जा उतरतो. तापवायला लाव्हाचं कुंड, गार करायला धबधबा. दोन्हींत बुडवण्याच्या दोन पद्धती आहेत, एक हळू आणि एक झटपट, आणि नवे लोक झटपट बुडवून नेहमी पुढे निघून जातात. दहा तलवारींनंतर हात बसतो. वीस तलवारींनंतर धातू ओतण्याआधीच कळतं की ही कशी निघणार. एक्सपीचा आकडा तोच राहिला, पण डोकं कामाला लागलं. आमच्या मते "रिपीट" आणि "कंटाळा" हे दोन वेगळे शब्द आहेत, हे दाखवणारा गेममधला सगळ्यात नीट कोपरा हाच.

त्याच वर्षीच्या गार्डियन्स ऑफ द रिफ्ट या छोट्या खेळाने रूनक्राफ्ट या स्किलचं असंच भलं केलं. टेम्पल ऑफ द आय क्वेस्ट आणि लेव्हल 27 एवढंच हवं. अ‍ॅजिलिटीसाठी हॅलोड सेपल्कर आहे, 52पासून, पण त्याच्या क्वेस्टपर्यंत पोचायलाच बराच वेळ जातो.

उलटंही घडतं आणि ते जास्त टोचतं. साँग ऑफ द एल्व्ह्जनंतर उघडणारं गाँटलेट ही कल्पना म्हणून फार सुंदर आहे. आत जाताना अंगावर काहीच नेता येत नाही. श्रीमंत आणि नवखा दोघंही रिकाम्या हाताने उतरतात, खोल्या धुंडाळून लाकूड, धातू, मासे गोळा करतात, हत्यारं बनवतात आणि मग हनलेफ या शेवटच्या शत्रूशी लढतात. साध्या गाँटलेटमध्ये तयारीला 10 मिनिटं, करप्टेड या कठीण प्रकारात साडेसात. हनलेफ दर चार हल्ल्यांनी जादू आणि बाण यांत बदल करतो, आणि आपले सहा वार बसले की आपल्याच हत्याराविरुद्ध संरक्षण धरतो. दोन मोजण्या एकाच वेळी तोंडात ठेवायच्या, वर पायाखालच्या फरशा पेटतात. पहिले पंधरा-वीस डाव हरण्यातही शिकणं आहे.

पण सगळ्यांना हवं असलेलं बक्षीस, हत्यार बनवायचं एन्हान्स्ड बीज, करप्टेडमध्ये 400त 1 या दराने पडतं, साध्यात 2000त 1. चारशे वेळा जिंकूनही न मिळण्याची शक्यता जवळजवळ 37 टक्के आहे, हे नुसतं गणित आहे. एक डाव दहा मिनिटांचा धरला तरी चारशे डाव म्हणजे 66 तासांच्या वर. पन्नासाव्या डावाला जे कौशल्य होतं ते दोनशेव्याला हमाली होऊन बसतं. इतक्या कष्टाने घडवलेल्या लढाईचं असं व्हावं याचं मनापासून वाईट वाटतं. साठ-सत्तर विजय झाले आणि मजा उतरली की सरळ बाहेर पडा. पुढच्या डावालाही शक्यता 400त 1च असते. आधीचे डाव कुठे जमा होत नाहीत.

तुलनेसाठी दोन ओळी. गेनशिन इम्पॅक्टमध्ये बक्षिसं रेझिनवर, म्हणजे वेळेनुसार भरणाऱ्या शक्तीवर, चालतात, 8 मिनिटांना एक, जास्तीत जास्त 200. म्हणजे किती घासायचं ते घड्याळ ठरवतं आणि रोज हजेरी लावावी लागते. गिल्ड वॉर्स 2ने 2012पासून कमाल लेव्हल 80च ठेवली आहे, म्हणून जुनी हत्यारं बाद होत नाहीत. रूनस्केप या दोघांच्या मधे बसतो: हजेरी सक्तीची नाही, पण शिडी फार उंच.

नागपुरातून खेळताना काही गोष्टी आधीच नीट लावून घ्या. गेमचा ठोका 0.6 सेकंदाचा आहे, त्यामुळे पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या आत असेल तर काही अडत नाही. अडतं ते पिंग उड्या मारतं तेव्हा, हनलेफसमोर तर हमखास. रूनलाइट क्लायंटमध्ये (लॅपटॉपवर गेम चालवायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड हॉपर चालू करा, प्रत्येक वर्ल्डचं, म्हणजे सर्व्हरचं, पिंग दिसतं. युरोपातली वर्ल्ड आधी तपासा. उन्हाळ्यात कूलर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि राउटर पुन्हा चालू होतो. त्यावर 12 व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस हा उपाय, पण फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो. लोक एकालाच लावतात आणि नेट तरी जातंच. यूपीएस घेताना दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते. फोन चार्जिंगला लावून खेळला तर मे महिन्यात तापून स्क्रीन मंद होते, तेव्हा आधी चार्ज करा, मग खेळा.

हार्डकोर आयर्नमॅन मोडमध्ये (इतर खेळाडूंच्या मदतीशिवाय खेळायचा कठीण प्रकार) एका मरणाने हार्डकोर हा दर्जा जातो. पावसाळ्यात तासातासाला लाइट जाणाऱ्या भागात तो घेऊ नये. साध्या खात्यावर मेलात तर सामान 15 मिनिटं थडग्यात राहतं, परत आणता येतं.

फोनचा खरा उपयोग बर्डहाउस फेरीला. बोन व्हॉयेज क्वेस्ट झाली की फॉसिल बेटावर चार घरटी लावायची, प्रत्येकात दहा साध्या बिया, आणि 50 मिनिटांनी रिकामी करायची. एक फेरी दोन-तीन मिनिटांची. खापरीला मेट्रोत चढल्यावर सुरू केली तर विमानतळाचं स्टेशन यायच्या आत संपते, आणि पुढची फेरी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. हंटर असंच कडेकडेने वाढतं, त्यासाठी वेगळं बसावं लागत नाही.

क्लिक करणारी ॲप लावू नका, खातं बॅन होतं. बाहेरून सोनं विकत घेण्याचंही तेच.

मेंबरशिप लगेच घेऊ नका. आधी फुकट भागातल्या क्वेस्ट संपवा, नाइट्स सोर्ड त्यात हवीच. मग पहिल्या आठवड्यात वॉटरफॉल, म्युझियम, बोन व्हॉयेज. पुढचं लक्ष्य रेसिपी फॉर डिझास्टर ही क्वेस्ट: त्याच्या शेवटाला 175 क्वेस्ट पॉइंट लागतात आणि मिळणारे बॅरोज ग्लोव्ह्ज पुढे फार काळ हातातून उतरत नाहीत. ते झालं की साँग ऑफ द एल्व्ह्जची आठ स्किल, स्मिथिंग फाउंड्रीत. गेममधलं सोनं जमलं असेल तर बॉन्ड घेऊन 14 दिवसांची मेंबरशिप मिळते, पण बॉन्डसाठीच सोनं घासायला बसलात तर ते 14 दिवस घासण्यातच जातात. परीक्षा किंवा कामाचा हंगाम असेल त्या महिन्यात मेंबरशिप बंद ठेवा; खातं, लेव्हल आणि बँकेतलं सामान जसंच्या तसं राहतं.