पडवी पाडून लावलेलं काचेचं फोल्डिंग दार: २१ महिन्यांनंतर

काल रात्री अकराच्या सुमारास वारा सुटला, पाठोपाठ आडवा पाऊस. गेल्या वर्षीच्या सवयीने उठलो आणि जुनी चादर घेऊन दाराशी गेलो. हात फिरवून पाहिला, लादी कोरडी ठणठणीत. म्हणून आज लिहायला बसलोय. हेच गेल्या वर्षी जुलैत लिहिलं असतं तर ‘या दारावर एक रुपया घालवू नका’ एवढंच लिहिलं असतं.

घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याचं, तोंड पश्चिमेला. २०२३ च्या नोव्हेंबरात पुढची पडवी पाडली आणि ओटीला १२ बाय ८ फुटांचं चार पानांचं अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग-फोल्डिंग दार लावलं. काच ८ मिलिमीटर टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, दर चौरस फुटाला १,९०० रुपये, म्हणजे १ लाख ८२ हजार. आत-बाहेर एक झालं पाहिजे, ओटीवर बसून थेट अंगण आणि खालची नदी दिसली पाहिजे, हा माझा हट्ट. आई ८१ वर्षांची, वॉकर घेऊन चालते. म्हणून उंबरा नको, ट्रॅक लादीच्या पातळीत हवा, असंही मीच सांगितलं.

पहिला हिवाळा सुखाचा गेला. सकाळी चारही पानं भिंतीकडे सारली की ओटी आणि अंगण सलग. आई वॉकर घेऊन एकटी तुळशीपर्यंत जायला लागली. त्याआधी दोन वर्षं तिला कुणीतरी हात धरून उतरवावं लागायचं. त्या एका गोष्टीसाठी मला पैसे वसूल झाल्यासारखे वाटले होते.

एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर पश्चिमेच्या उन्हाने ओटीवर बसवेना. डासांची जाळी नंतर बसवली, तिचे १४ हजार वेगळे.

आणि मग जून. पहिल्या मोठ्या पावसात खालच्या ट्रॅकमधून पाणी आत आलं. ओघळ नव्हे, ओटीभर पाणी. आईच्या खाटेचे पाय भिजले. बसवणाऱ्याला फोन केला. तो चार दिवसांनी आला, ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला सिलिकॉन मारलं आणि गेला. पुढच्या पावसात पाणी दुप्पट. दुसऱ्या खेपेला म्हणाला, ‘काका, तुमच्याकडे पाऊसच जास्त आहे.’ रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे दाराचं माप घेताना त्याला माहीत नव्हतं का? वर व्हिजिटचे १,५०० मागितले. मी दिले नाहीत. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

शेवटी गावातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिस्त्रीने दुखणं शोधलं. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर जायला खाली भोकं असतात, वीप होल म्हणतात त्यांना. आमची अर्धी भोकं लादी बसवताना सिमेंटने बुजली होती, आणि उरलेली त्या सिलिकॉनने. मिस्त्रीने तार घालून सगळी मोकळी केली, ४०० रुपये घेतले. मला वाटलं सुटलो.

सुटलो नव्हतो. साध्या सरळ पावसात पाणी थांबलं, पण वारा असला की येतच राहिलं. मग मी हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटरचा वारा काचेवर जेवढा दाब देतो, तेवढ्या दाबाने पाणी साधारण १७ मिलिमीटर वर चढतं. म्हणजे भोकं उघडी असली तरी बाहेरचा वारा पाण्याला बाहेर पडू देत नाही, ते ट्रॅकमध्ये चढत जातं. आमच्या ट्रॅकची आतली कड ६ मिलिमीटर. ती उंच करायची तर आईचा वॉकर अडतो. पातळीतला ट्रॅक आणि उघड्यावरचं पश्चिमेचं दार या दोन गोष्टी कोकणात एकत्र नांदत नाहीत. हे कुठल्याही फॅब्रिकेटरने मला सांगितलं नाही.

नोकरीची वर्षं मुंबईत गेली. कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत बसमधून रोज दिसायची, तिचे कोपरे कुणी कापून नेल्यासारखे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ती इमारत १९८३ ला पूर्ण झाली. ते कोपरे म्हणजे दोन मजले उंचीच्या गच्च्या. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्यांना म्हणूनच भोवती व्हरांडा असायचा आणि कोरियांनी तोच उंचावर नेला. इतकी वर्षं बघत होतो, पण त्या जुलैत ओटी पुसताना ते कोपरे मला कळले. आजोबांनी बांधलेली पडवी हेच काम करत होती आणि मी ती उजेड अडवते म्हणून पाडली. याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑक्टोबरात पडवी परत उभी केली. दारापासून ६ फूट पुढे, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपवर. जुनी मंगलोरी कौलं गोठ्यामागे रचून ठेवली होती. १४० लागली, एकही विकत घ्यावं लागलं नाही. पडवीची जमीन अंगणाकडे उतरती केली आणि ट्रॅकच्या पुढे जाळीची चार इंची पन्हळ घातली. वॉकर तिच्यावरून जातो. एकूण ४१ हजार.

हा दुसरा पावसाळा. झड पन्हळीच्या अलीकडे आलेली नाही. त्यामुळे गेल्या वर्षी पावसात जे दार घट्ट बंद असायचं, ते आता भर पावसात सताड उघडं असतं. काच हवी होती ती बाहेरचं दिसावं म्हणून, आणि आता काचेची गरजच फक्त रात्री पडते. उन्हाळ्यातही पडवी चारपर्यंत ऊन रोखते, पुढे बांबूची चटई सोडावी लागते. उजेड थोडा कमी झाला, खरं आहे. नदी तेवढीच दिसते.

माप द्यायच्या आधी दाराच्या डोक्यावर किती फूट छप्पर पुढे येतंय ते मोजा आणि ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. लादीवाला काम करत असताना भोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा. ट्रॅक दर महिन्याला ब्रशने झाडावा लागतो, पावसाळ्यात आठवड्याला.

तिसऱ्या पानाचा खालचा रोलर सध्या कुरकुरतोय. तोच मिस्त्री ८५० म्हणालाय, गणपतीआधी बदलून घेणार आहे. आई आत्ता पडवीत खुर्ची टाकून पागोळ्यांकडे बघत बसली आहे.