अर्जुनसालीची भरड: बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

काय घेतलं तर अर्जुनाची साल, भरड केलेली, रविवार पेठेतल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून. पाचपैकी चार स्टार. आणि हे चार स्टार अँजिओप्लास्टी होऊन गेल्यावर, हॉस्पिटलच्या सगळ्या गोळ्या चालू ठेवून, जोडीला घेतलेल्या अर्जुनाला आहेत हे आधीच सांगते, कारण नातेवाईकांपैकी कोणी ना कोणी अजून विचारतंच की अर्जुनाने ब्लॉकेज गेलं का हो बाबांचं. नाही गेलं. हृदयाच्या नळीतलं ब्लॉकेज स्टेंटने, म्हणजे आत बसवलेल्या बारीक जाळीने उघडलं.

आधी दुकानाबद्दल, कारण तिथे मला खरंच छान वाटलं. काकांनी डब्यातून अख्खी साल काढून हातात दिली, आतली बाजू दाखवली. अर्जुनाची साल बाहेरून बऱ्यापैकी गुळगुळीत, राखाडी-पांढुरकी असते आणि आतून तांबूस गुलाबी. ऐनाची साल काळपट आणि खोल भेगा पडलेली, झाड त्याच कुळातलं, त्यामुळे भेसळ होऊ शकते, आणि एकदा पावडर झाली की आपल्याला काय कळणार. म्हणून साल बघून घ्यायची आणि तिथेच भरडून घ्यायची. जिभेवर ठेवली की तुरट लागते, तोंड आवळून येतं. किंमत म्हणाल तर ऑनलाइन कॅप्सूलच्या डबीपेक्षा कितीतरी कमी.

आता क्षीरपाक, म्हणजे औषध दूध-पाण्यात उकळून केलेला काढा, कसा करायचा ते, कारण नेटवर कपभर दुधात चमचाभर पावडर ढवळा आणि प्या एवढंच लिहिलेलं असतं. आमच्या वैद्य बाईंनी जुन्या पद्धतीचं प्रमाण दिलं, औषध एक भाग, दूध आठ पट, पाणी बत्तीस पट. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी, आणि मंद गॅसवर पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत उकळायचं. दूध इतकं थोडं असतं की शेवटची दोन मिनिटं जराही लक्ष गेलं की तळाला लागतं, जाड बुडाचं पातेलं घ्या आणि ढवळत राहा. रंग चहासारखा तांबूस येतो. गाळून कोमट प्यायचं. हे प्रमाण आमच्या बाबांसाठी दिलेलं आहे, तुमच्या घरच्या माणसासाठी वैद्यांना विचारूनच ठरवा.

उपयोग झाला का? बाबा आता जिना चढताना मध्ये थांबत नाहीत. पण त्याच काळात त्यांच्या बाकीच्या गोळ्याही चालू होत्या, ताटातलं लोणचं-पापड गेलं होतं, तंबाखू सुटली होती आणि रोज चालणं सुरू झालं होतं, तर सगळं श्रेय सालीला कसं देणार? अभ्यास काय सांगतात तेही बघितलं. इंदूरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ५८ पुरुषांवर केलेली चाचणी आहे, चालल्यावर छातीत दुखणाऱ्या म्हणजे अंजायनाच्या पेशंटवर, त्यात अर्जुनाचा अर्क घेतल्यावर दुखणं कमी झालं, ट्रेडमिलवर जास्त वेळ चालता आलं. आणि दिल्लीच्या एम्समधली २०१६ ची चाचणी आहे, हृदय कमकुवत झालेल्या लोकांवर, त्यात बारा आठवडे अर्क देऊनही हृदयाच्या पंपिंगमध्ये फरक पडला नाही. दोन्ही वाचून माझं मत असं झालं की अर्जुन ही जोडीला घ्यायची चीज आहे, एकट्याने लढायची नाही.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त देणाऱ्या नळीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते, नळी बंद होते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. हे काही तासांचं काम आहे. साल उकळून त्या गुठळीला काहीही होत नाही. आपल्याकडे काय होतं, छातीत दडपलं की आधी गॅस म्हणायचं, मग ओवा, मग हिंगाचं पाणी, मग इनो, मग पडून बघू, आणि यात जे तास जातात ते परत येत नाहीत. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जातेय, दम लागतोय, तर १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी काढून लगेच अँजिओप्लास्टी होते अशा हॉस्पिटलला जा, हॉस्पिटलात पोचल्यापासून साधारण ९० मिनिटांत नळी उघडावी असं डॉक्टरांचं ध्येय असतं. बायकांना आणि डायबिटीसवाल्यांना छातीत न दुखता नुसती मळमळ, थकवा, पाठीत कळ असंही होऊ शकतं, म्हणून आईचं, सासूबाईंचं अंगावर काढणं चालवून घेऊ नका.

वैद्य बाईंबद्दल वेगळं लिहायलाच हवं. पहिल्या भेटीत नाडी बघण्याआधी त्यांनी डिस्चार्ज कार्ड मागितलं, गोळ्यांची पट्टी-पट्टी बघितली, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आहेत म्हटल्यावर गुग्गुळ नको, लसणाच्या कॅप्सूल नको, आल्याचा रस रिकाम्या पोटी नको असं लिहून दिलं, म्हणजे रक्तस्राव वाढायला नको. आणि कार्डिओलॉजिस्टना फोन करून अर्जुन देतेय हे स्वतः सांगितलं. गुग्गुळाचं मला आश्चर्य वाटलं कारण कोलेस्टेरॉलला तो सगळे देतात, पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर झालेल्या चाचणीत गुग्गुळाने वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडं वाढलेलंच दिसलं.

मग त्यांनी बाबांना विचारलं, अटॅकनंतर रडू आलं का कधी? बाबा गप्प. आम्ही सगळे गप्प. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अश्रू दाबून ठेवल्याने जे त्रास होतात त्यात छातीतलं दुखणंही सांगितलंय, असं त्या म्हणाल्या, आणि व्यायामही अर्ध्या शक्तीपर्यंतच करायचा, कपाळावर घाम आला, श्वास तोंडाने लागला की थांबायचं. एवढ्या सोप्या भाषेत आम्हाला व्यायाम कोणी सांगितला नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा बऱ्याच दिवसांनी आईशी नीट बोलले, भीती वाटते म्हणाले. औषधाच्या रिव्ह्यूत हे लिहावं की नाही माहीत नाही पण माझ्या मते त्या भेटीतलं हेच सगळ्यात मोठं औषध होतं.

याच्या अगदी उलट अनुभव आधी आला होता. एका सेंटरमध्ये गेलो होतो, नाव देत नाही. तिथे डॉक्टर भेटायच्या आधी पॅकेजचा माणूस भेटला, बस्ती (औषधी एनिमा) आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) मिळून ब्लॉकेज विरघळतं म्हणाला, पैसे आधी भरायचे, आणि गोळ्या हळूहळू सोडवू असंही म्हणाला. स्टेंट बसल्यानंतर साधारण वर्षभर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या ठेवायला सांगतात, त्या मधेच मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो, आणि त्या सोडवू म्हणणारा माणूस पेशंटच्या जिवाशी खेळतोय, यापेक्षा सौम्य शब्द माझ्याकडे नाही. हृदयरोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे हेही माहीत असू द्या. अशा ठिकाणांमुळे चांगल्या वैद्यांवरचाही विश्वास उडतो याचं मला जास्त वाईट वाटतं. याच मातीतल्या सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी पेशंट तपासून, मोजून १९४९ मध्ये पेपर लिहिला आणि ब्लडप्रेशरचं औषध म्हणून जगाने ती मान्य केली. तशी मेहनत घेतली की कोण नाही म्हणणार आहे.

एक स्टार का कापला तर सुट्या पुडीवर ना तारीख, ना साल कुठून आली ते, आणि रोज अर्धा तास गॅसजवळ उभं राहायचं हे नोकरी करणाऱ्या घराला जड जातं. सोपं म्हणून अर्जुनारिष्टाची बाटली आणायला गेले होते पण वैद्य बाईंनी नको म्हटलं, त्यात गूळ असतो आणि आंबवल्यामुळे थोडं अल्कोहोलही तयार होतं, बाबांना डायबिटीस आहे. ज्यांना साखर नाही त्यांनीही आपल्या वैद्यांना विचारूनच घ्या.

कोकम, डाळिंब, करवंद मात्र बिनधास्त आणलं, चरकाने हृदयाला हितकर म्हणून जी दहा द्रव्यं दिली आहेत त्यात ही तिन्ही आहेत, फक्त कोकमाचं आगळ नको, त्यात मीठ खूप असतं, आमसुलं भिजवून बिनसाखरेचं सरबत करतो. भरड काचेच्या बरणीत ठेवा, पावसाळ्यात पिशवीत ठेवलेलीला लगेच बुरशी येते, आमची एक पुडी तशीच टाकून द्यावी लागली.