२० किलोचा पीव्हीसी डंबेल सेट: सिमेंट चालेल, पण मधल्या पायऱ्या कुठायत?

तीन किलोची एक प्लेट शिवणीवर उकलली आणि सिमेंटची भुकटी फरशीभर झाली, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. सेट नेहमीचाच आहे: २ किलोच्या चार प्लेटी, ३ किलोच्या चार, १४ इंची दोन रॉड, ३ फुटी एक वाकडा कर्ल रॉड, आणि पिशवी भरलेली दिसावी म्हणून हातमोजे, दोरी, ग्रिपर (मुठीत दाबायची स्प्रिंग). किंमत हजार-बाराशेच्या घरात. खोक्यात काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, फोटोही सगळीकडे तेच. काही महिने रेटून वापरल्यावर जे कळतं तेवढंच इथे आहे.

फुटलेल्या प्लेटचं आधी उरकतो. या प्लेटी म्हणजे प्लास्टिकचं कवच आणि आत सिमेंट-वाळूचा गोळा. कवचाचा जोड बरोबर कडेवर येतो आणि डंबेल जमिनीवर टेकतो तोही कडेवरच. दोन्ही बाजू एकदम टेकल्या तर मार वाटला जातो. दमल्यावर एक टोक आधी आपटतं, तेव्हा सगळा दणका एका प्लेटच्या जोडावर बसतो. प्लेट कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ आवाज आला तर गोळा सुटलेला आहे आणि ती प्लेट आज ना उद्या उकलणार.

दुरुस्ती पन्नास रुपयांच्या आत होते, पण चुकीच्या पद्धतीने केली तर टिकत नाही. फेविक्विक वाया जातं. एम-सील वरवर थापलं तर तेही आठवड्यात सालपटासारखं निघतं, कारण या गुळगुळीत प्लास्टिकला ते नीट धरत नाही. आतल्या सिमेंटला मात्र घट्ट धरतं. म्हणून फट कटरने थोडी रुंद करायची, भुकटी ब्रशने झाडून काढायची, एम-सील अंगठ्याने आतपर्यंत दाबायचं आणि एक रात्र हात लावायचा नाही. वरून कडेला कापडी टेपचे दोन वेढे दिले की झालं.

विक्रेत्याशी झालेला वाद सांगण्यासारखा आहे, कारण तो सगळ्यांच्याच वाट्याला येऊ शकतो. पहिलं उत्तर: आपटल्याने झालेल्या नुकसानीला वॉरंटी नाही. जमिनीवर ठेवायच्या वस्तूला जमिनीवर ठेवल्याचा दोष! दुसरं उत्तर: अख्खा सेट परत पाठवा, म्हणजे २० किलोचं पार्सल बांधून वर त्याचं भाडंही आपणच भरायचं. बरीच पत्रापत्री झाल्यावर बदली प्लेट आली ती २ किलोची. एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला २, असा डंबेल घेऊन काय करायचं ते कस्टमर केअरने सांगितलं नाही. तुम्ही घेणार असाल तर खोकं उघडतानाच प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवून फोटो काढा. परत करायची मुदत संपल्यावर वजनाची तक्रार कोणी ऐकून घेत नाही.

वजन करायचंच. प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो. माझ्याकडे ३ छापलेली एक प्लेट २ किलो ७६० ग्रॅम भरली, दुसरी ३ किलो ४० ग्रॅम. फरक पाव किलोच्या वर, आणि तो एकाच रॉडच्या दोन टोकांना आला तर मनगट एकीकडे ढळतं. यावर उपाय फुकट आहे: खरं वजन मार्करने प्लेटवर लिहायचं आणि जवळजवळ सारख्या भरणाऱ्या प्लेटी समोरासमोर लावायच्या.

आता मुद्द्याची गोष्ट. सिमेंट, शिवण, कस्टमर केअर हे सगळं या किमतीत मी पोटात घालायला तयार आहे. जे पोटात घालता येत नाही ते म्हणजे प्लेटींची वाटणी.

दोन हातांत दोन डंबेल घ्यायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन २ च्या आणि दोन ३ च्या प्लेटी येतात. दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या तर वजनं तीनच होतात: ४, ६ आणि १० किलो. ८ नाहीच. रॉडचं वजन धरू. २५ मिलिमीटर जाडीचा भरीव १४ इंची रॉड सुमारे १.४ किलो भरतो (पोकळ पाइपचा आला असेल तर अर्ध्या किलोच्या आसपास, बोटाने टिचकी मारली की आवाजावरून कळतं). म्हणजे हातात प्रत्यक्ष ५.४, ७.४ आणि ११.४ किलो. पहिली उडी ३७ टक्क्यांची, दुसरी ५४ टक्क्यांची.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची शिफारस अशी आहे की ठरवलेल्या रेप्सपेक्षा (रेप म्हणजे वजन एकदा वर नेऊन खाली आणणं) एक-दोन जास्त निघायला लागल्या की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवावं. ५४ टक्के कुठे आणि १० कुठे! रेप्सवरून कमाल ताकद (एकदाच उचलता येईल ते वजन) काढायचं एक प्रचलित सूत्र आहे: वजन गुणिले (१ अधिक रेप्स भागिले ३०). त्यात आकडे घाला. ११.४ किलोने ८ रेप्स काढायच्या तर त्याआधी ७.४ किलोने २८ च्या आसपास निघायला हव्यात. इतक्या मोठ्या रेप्सना हे सूत्र ढिलं पडतं हे मान्य, पण दरी किती रुंद आहे ते दिसतं. १२-१५ रेप्स झाल्या की माणूस १० किलोवर उडी मारतो, खांद्याच्या प्रेसला (वजन डोक्यावर ढकलताना) कंबर मागे वाकवून झटका देतो, चार दिवसांनी खांदा धरतो आणि सेट पलंगाखाली जातो. ओएलएक्सवर ‘फक्त दोनदा वापरलेला’ म्हणून जे सेट दिसतात त्यांतले निम्मे या हरवलेल्या ८ किलोपायी आले असावेत असा माझा संशय आहे.

आणि हे टाळणं किती सोपं होतं पाहा. २० किलोच ठेवायचे, पण १ किलोच्या चार प्लेटी आणि २ किलोच्या आठ द्यायच्या. मग प्रत्येक डंबेलच्या एका बाजूला १, २, २ येतात आणि दोन्ही हातांत २, ४, ६, ८, १० अशी सगळी वजनं लागतात. तेवढंच सिमेंट, तेवढाच दाम. ३ किलोचा साचा काढून १ किलोचा वापरायचा, बस. पण खोक्यावर मोठ्या प्लेटी छान दिसतात ना.

सेट घेऊन बसलाच असाल तर १ किलोच्या चार प्लेटी सुट्या घ्या. ६ आणि १० च्या मध्ये ८ मिळतात (एका बाजूला ३ अधिक १). उडी ५४ वरून २७ आणि मग २१ टक्क्यांवर येते. त्याहून बारीक पायरी हवी तर अर्ध्या किलोचे वेल्क्रोचे पट्टे, जे घोट्याला बांधायला विकतात, ते मनगटाला बांधायचे. ७.४ चे ७.९ होतात, म्हणजे जेमतेम ७ टक्के. रॉडला गुंडाळू नका, घामाने सरकतात. मनगटावर कर्ल (कोपर मोडून वजन वर आणणं), प्रेस, रोइंग (वाकून वजन कमरेकडे ओढणं) सगळीकडे ते काम करतात.

एक पैसाही घालायचा नसेल तर क्रम असा ठेवा. आधी रेप्स ८ वरून १५ पर्यंत न्या. मग त्याच वजनाने खाली आणताना तीन-चार सेकंद घ्या. रेप्स आपोआप १० वर येतील, त्या परत १५ करा. मग खालच्या टोकाला दोन सेकंद थांबा. एवढं झाल्यावर जड डंबेलचा एकच सेट (इथे सेट म्हणजे सलग काढलेल्या रेप्सची एक फेरी) पाच-सहा रेप्सचा काढायचा आणि बाकीचे सेट जुन्या वजनाने. स्नायू वाढायला हलकं वजनही चालतं, अट एवढीच की सेट संपताना आणखी दोन-तीनच रेप्स निघाल्या असत्या अशी अवस्था हवी. गप्पा मारत ३० रेप्स केल्याने काही होत नाही.

आणखी एक वाट आहे, ती सेट विकणारे सांगत नाहीत. एका वेळी एकच डंबेल वापरा. आठही प्लेटी एका रॉडच्या दिमतीला आल्या की ४, ६, ८, १०, १२ अशी दोन-दोन किलोची शिडी तयार होते. हिशेबाने पुढे १४, १६, २० सुद्धा होतात, पण सिमेंटच्या प्लेटी जाड; लोखंड त्याच्या तिप्पट दाट असतं. १४ इंची रॉडवर मूठ आणि नट सोडून प्रत्येक बाजूला आठ-साडेआठ सेंटिमीटर जागा उरते आणि त्यात २-३ किलोच्या दोनच प्लेटी मावतात. तिसरी बसवली तर नटाचे दोनच आटे धरतात. ते धोक्याचं आहे. १२ च्या पुढचं वजन ३ फुटी रॉडवरच.

नटाबद्दल सगळे ओरडतात, मी कमी ओरडेन. प्लेटचं भोक रॉडपेक्षा सैल असतं, त्यामुळे प्रत्येक रेपला प्लेट थोडी फिरते आणि फिरताना नटालाही ओढते. एका टोकाचा नट आवळत जातो, दुसरा सैल होतो. नटातली रबरी चकती झिजली की हे जास्त होतं. नळाचं सामान विकणाऱ्याकडे एक इंची रबरी वॉशर पाच-दहा रुपयांना मिळतो, तो घाला, आणि प्रत्येक सेटआधी दोन्ही नट पिळून बघा. डोक्यावर प्रेस करताना तर न चुकता.

पावसाळ्यानंतरची भर. वरचा मजकूर लिहिला तेव्हा मनात दोन तारे होते. पण पावसाळ्याने मत थोडं बदलवलं. दमट हवेत लोखंडी प्लेटींना गंज चढतो, हात आणि फरशी दोन्ही रंगतात. या प्लेटी ओल्या फडक्याने पुसल्या की स्वच्छ. रॉडच्या आट्यांना मात्र गंज येतो, कारण तिथला क्रोमचा मुलामा नट फिरवून निघून जातो. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब आट्यांवर चोळले की भागतं. मुठीच्या भागाला तेल लागू देऊ नका. फरशीही फुटत नाही, खालचे शेजारी वर येत नाहीत. साडेतीन तारे. भंगारवाला घेत नाही म्हणून अर्धा कापला आहे. लोखंड कधीही किलोवर विकता येतं, हे सिमेंट फेकायलाही कोणाला तरी पैसे द्यावे लागतात.

या सेटमध्ये काय होतं आणि काय नाही, तेही सांगतो. पाठीसाठी तो खरंच चांगला. एक हात खुर्चीवर टेकवून, पाठ सपाट ठेवून, कोपर खिशाकडे ओढत एका हाताचं रोइंग करा, १२ किलोपर्यंत शिडी मिळते. खांद्याची प्रेस आणि कर्ल ठीक. पायांना २० किलो लवकरच हलके पडतात, म्हणून दोन पायांच्या स्क्वॉटऐवजी मागचा पाय पलंगाच्या कडेवर ठेवून एका पायाने बसा; तेच वजन दुप्पट वाटतं. मांडीच्या मागच्या बाजूसाठी ३ फुटी रॉड मांडीलगत सरकवत कमरेतून वाका, गुडघे किंचित मोडलेले. छातीसाठी हा सेट जवळजवळ निरुपयोगी आहे. साध्या जोरात (पुश-अपमध्ये) शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४० किलो. इथे दोन्ही डंबेल पूर्ण भरूनही २३ होत नाहीत. जोर मारा, फुकट आहेत. बाकावर पडून करायची प्रेस या सेटने करायची म्हणून घडीचा बाक घेणं तर निव्वळ उधळपट्टी.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक व्यायामाचे दोन-तीन सेट आणि सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. हा सेट फक्त पहिल्या भागाचा आहे, चालणं वेगळं. सोबतचा ग्रिपर मुलांना खेळायला द्या. दोरी बरी आहे. हातमोज्यांची शिवण पहिल्याच महिन्यात उसवते.

सुट्या १ किलोच्या प्लेटी घ्यायला जाताना आपला रॉड सोबत न्या. दुकानात २५ आणि २८ मिलिमीटरच्या रॉडसाठीच्या प्लेटी एकाच ढिगात पडलेल्या असतात. मोठ्या भोकाची प्लेट बारीक रॉडवर बसते खरी, पण डुगडुगते आणि नट सैल करते. लहान भोकाची जाड रॉडवर चढतच नाही. चारही प्लेटी रॉडवर चढवून, हलवून, खुळखुळत नाहीत ना ते ऐकून मगच पैसे द्या. ऑनलाइन मागवल्या तर भाडं प्लेटींच्या किमतीच्या वर जाऊ शकतं.