सेफ्टी डेला माइकवर बोलायचं होतं म्हणून टोस्टमास्टर्स जॉइन केलं, त्याचा अनुभव

चाकणला प्लांटमध्ये क्वालिटीला आहे मी, नऊ वर्षं झाली. ऑडिटरसमोर तासभर बोलते, काही वाटत नाही, पण हातात माइक आला की घशाला कोरड पडते, पाय लटपटतात आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसलं जातं. डिसेंबरात प्लांट हेडनी सांगितलं की 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमात यंदा लाइनवरचं कोणीतरी बोलेल, आणि नाव माझं टाकलं. दोन शिफ्टची माणसं, चारशेच्या आसपास. त्या रात्री झोप लागली नाही.

आधी एक वीकेंड वर्कशॉप केलं, नाव घेत नाही. दोन दिवस, साडेसात हजार रुपये, आणि त्यात मला बोलायला मिळाली चार मिनिटं. बाकी वेळ सरच बोलत होते. ऐकताना छान वाटलं, वहीभर नोट्स काढल्या, पण सोमवारी मॉर्निंग मीटिंगला उभी राहिले तर परत तेच. पैशाचं जाऊ दे, पण आधीच घाबरलेल्या माणसाला नुसतं ऐकवून घरी पाठवायचं हे मला अजिबात पटलं नाही.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने टोस्टमास्टर्सच्या क्लबला नेलं. लोकांसमोर बोलायचा सराव करायची ही संस्था, अमेरिकेत 1924 साली सुरू झाली, आता जगभर क्लब आहेत, पुण्यातही बरेच आहेत. इथे शिकवणारे सर नाहीतच, सगळे मेंबरच, आणि दर मीटिंगला कामं वाटलेली असतात. एक जण टायमर, तो हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. एक जण अ-काउंटर, तुम्ही किती वेळा ‘अं’, ‘सो’, ‘म्हणजे’ म्हणालात ते मोजतो, पहिल्या दिवशी माझे चौदा निघाले. टेबल टॉपिक्समध्ये आयत्या वेळी विषय मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. पहिलं तयार भाषण म्हणजे आइसब्रेकर, चार ते सहा मिनिटांचं, स्वतःबद्दल. आणि प्रत्येक भाषणावर एक जण उभा राहून दोन-तीन मिनिटं सांगतो काय चांगलं झालं, काय सुधारायचं. मला खरा फायदा झाला तो ह्याचाच, कारण ‘छान बोललीस’ असं सगळेच म्हणतात, पण ‘पहिली दोन वाक्यं तू जमिनीकडे बघून बोललीस’ हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

आमचा क्लब इंग्रजीतला, पण मला बोलायचं होतं मराठीत, तर व्हीपी एज्युकेशन म्हणजे भाषणांचे स्लॉट ठरवणाऱ्या मॅडमना विचारलं आणि मीटिंग संपल्यावर पाच-सहा जण माझं मराठी भाषण ऐकायला थांबले, तेही दोनदा. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, ते म्हणाले, ए-फोर कागद हातात धरू नकोस, हात जरा थरथरला तरी कागद फडफडतो, समोरच्याला दिसतं आणि तुलाही दिसतं म्हणून अजून घाबरायला होतं. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घे, त्यावर फक्त पाच शब्द लिही. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं मात्र तोंडपाठ. आणि उभं राहण्याआधी श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, चार-पाच वेळा, छातीतली धडधड खाली येते.

4 मार्चला भीती वाटली का, हो वाटली, हात थरथरत होताच, पण पुठ्ठा हलला नाही. मी प्रेस मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं कव्हर, काढून काम करताना थोडक्यात वाचलेल्या बोटांची गोष्ट सांगितली, आमच्याच लाइनवरची, त्या माणसाला आधी विचारून, आणि ‘मशीन थांबलं’ म्हटल्यावर मीही थांबले, तीन सेकंद. एवढ्या मोठ्या शेडमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. पूर्वी अशी शांतता झाली की मी घाबरून पुढचं भराभरा बोलून टाकायचे. नंतर प्रेस शॉपचे एक काका येऊन म्हणाले, मॅडम, आमच्याकडे पण असं एकदा झालंय, पण आम्ही लिहून दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निअर-मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, फॉर्म भरून दिला.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी. पहिल्यांदा गेस्ट म्हणून जा, पैसे लागत नाहीत, आणि बोलायचं नसेल तर नाही म्हटलेलं चालतं. फी डॉलरच्या हिशोबाने असते, रिन्यूअल एप्रिल आणि ऑक्टोबरला, मध्येच जॉइन झालात तर उरलेल्या महिन्यांचीच घेतात, वर क्लबचा स्वतःचा थोडा खर्च. कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर आला असेल तर मात्र ह्याचा उपयोग नाही, निदान दोन-तीन महिने हातात पाहिजेत आणि मीटिंगा चुकवायच्या नाहीत. एकाच क्लबवर थांबू नका, दोन-तीन ठिकाणी बसून बघा, प्रत्येक क्लबचं वातावरण वेगळं असतं. मी ऑक्टोबरला परत भरणार आहे, माझं चौथं भाषण अजून व्हायचंय.