नौपाड्यातला शनिवारचा नाट्यवर्ग: खेळात पैकीच्या पैकी, संहितेत काठावर पास

नाट्यवर्ग कसा आहे हे जोखायचं असेल तर शेवटचा प्रयोग बघू नये, तिसरा-चौथा शनिवार बघावा. प्रयोगाच्या दिवशी रंगवलेले चेहरे, मोठ्या आवाजातलं संगीत आणि आजी-आजोबांच्या टाळ्या सगळं झाकून टाकतात. ठाण्याच्या नौपाड्यात एका शाळेच्या सभागृहात चालणारा हा वर्ग पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आहे. १२ शनिवार, दुपारी ४ ते ५.३०, मुलं २२, शिकवणाऱ्या बाई आणि मदतीला एक दादा. फी ७,५०० रुपये, प्रयोगाची ड्रेपरी, म्हणजे भाड्याचे कपडे, आणि रंगभूषा वेगळी. पहिले सात शनिवार झकास. तक्रार पुढच्या पाचांबद्दल आहे.

सुरुवात पंधरा मिनिटांच्या चालण्याने होते. सगळ्यांनी सभागृहभर चालायचं, कुठेही मोठी मोकळी जागा राहू द्यायची नाही. बाई १ ते १० मधला आकडा पुकारतात: १ म्हणजे जेमतेम हलणं, १० म्हणजे लोकल सुटतेय. नवखी मुलं हमखास मधोमध गोळा होतात आणि एकाच दिशेने गोल फिरायला लागतात. इथे त्यावर कोणी ओरडत नाही. ‘थांबा’ म्हटलं की प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात जवळच्या भिंतीकडे बोट करायचं. आपण सगळे एकमेकांना चिकटलोय आणि भिंत फार लांब आहे, हे मुलांना स्वतःच दिसतं. स्नेहसंमेलनातली ती रांग लावून उभं राहायची सवय मोडते ती इथे.

मग गोठलेलं चित्र, म्हणजे एखादा क्षण अंगाने उभा करून तसंच स्तब्ध राहायचं. पाच जणांचा गट, विचार करायला दहा सेकंद, बोलायला बंदी. नुसता ‘अपघात’ असा विषय दिला तर पाचपैकी चार जण जमिनीवर पडतात आणि हसू दाबत बसतात. म्हणून बाई जागा आणि क्षण दोन्ही देतात: ठाणे स्टेशनचा पूल, पाऊस, खाली गाडी लागलेली आणि एकीच्या चपलेचा अंगठा तुटलाय. लगेच नजरा वेगवेगळ्या दिशांना जातात. बाई एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतात, ज्याच्या ठेवला त्याने मनातलं एक वाक्य बोलायचं. एवढंच. पण या वयात ‘अभिनय करून दाखव’ म्हटलं की मुलं भुवया नाचवतात. चित्रात अडकलेलं मूल मात्र खरंखुरं बोलून जातं.

उत्स्फूर्त प्रसंगांना तीनच अटी: कोण, कुठे, काय हवंय. शिवाय दोन बंद्या. समोरच्याने मांडलेली गोष्ट नाकारायची नाही. ‘डॉक्टर, पाय मोडलाय’ म्हटल्यावर ‘मी डॉक्टर नाहीच’ म्हटलं की प्रसंग तिथेच मेला. आणि मोबाइल आणायचा नाही. दुसरी बंदी आम्हाला विशेष आवडली, कारण कानाला काल्पनिक फोन लावला की मूल समोरच्या पात्राकडे बघायचंच सोडून देतं आणि दोन जणांचा प्रसंग एकपात्री होऊन बसतो.

वर्गाचा कळस म्हणजे बाई स्वतः पात्र होऊन येतात तो तास. इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी ही पद्धत वर्गात रुळवली. शिक्षकाने बाहेर उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, प्रसंगात शिरायचं. इथे बाई बगलेत फाइल मारून बिल्डरचा माणूस होतात आणि २२ मुलं चाळीतली बिऱ्हाडं. पुनर्विकास ठाण्याच्या पोरांना शिकवावा लागत नाही, घरी रोज ऐकतात. ‘भाडं अकरा महिन्यांचं देताय, बाराव्या महिन्यात आम्ही कुठे जायचं?’ हे सहावीतल्या मुलीचं वाक्य कुठल्याही लेखकाने आनंदाने उचललं असतं. या तासाला धोका एकच, दोन-तीन तोंडाळ मुलं सगळी सभा खाऊन टाकतात. बाई त्यावर चिठ्ठ्या वापरतात: कोणाच्या चिठ्ठीवर ‘घरात आजारी माणूस’, कोणाच्या ‘आधीच सही केलीय’. मग गप्प बसणाऱ्याकडेही काहीतरी असतं आणि बाकीच्यांना त्याला विचारावंच लागतं.

आठव्या शनिवारी हातात छापील संहिता येते आणि ही सगळी श्रीमंती गुंडाळून ठेवली जाते. बावीसपैकी निम्म्याहून जास्त मुलं इंग्रजी माध्यमाची. देवनागरी अडखळत वाचतात, ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एकच करतात, ळ चा ल होतो. वेळ वाचवायला बाई वाक्य म्हणून दाखवतात, ‘हं, आता असं म्हण’. अकरा-बारा वर्षांचं मूल शब्दांआधी सूर उचलतं. दोन आठवड्यांत चाळीतली आजी, बिल्डर आणि दूधवाला एकाच चालीत बोलायला लागतात, वाक्याच्या शेवटी तीच वर जाणारी उचल.

उपाय वर्गाच्या हातातलाच आहे. कागद देण्याआधी तोच प्रसंग मुलांकडून दोनदा स्वतःच्या शब्दांत करून घ्यायचा. मग वाचन, तेही गोल बसून, एका वेळी दोनच पानं, अक्षर १६ पॉइंटचं, ओळींमध्ये भरपूर जागा. उच्चार चुकला तर शब्द दुरुस्त करायचा, वाक्य म्हणून दाखवायचं नाही. सूर हवा असेल तर विचारायचं: तू त्याला विनवतेयस, दरडावतेयस की चिडवतेयस? क्रिया बदलली की सूर आपोआप बदलतो.

आवाजाचा तास ना धड चांगला, ना वाईट. श्वास चार आकड्यांत आत, ‘स्स्स’ करत पंधरा आकड्यांत बाहेर, हे ठीक. पण ऐकू येत नाही म्हटलं की ‘मोठ्याने!’ एवढीच सूचना मिळते. खरा घोटाळा मोठ्या-लहानाचा नसतो, मुलं वाक्याचं शेपूट गिळतात. मराठीत क्रियापद शेवटी, ते गिळलं की दिलं का नाकारलं, आला का गेला, प्रेक्षकाला पत्ताच लागत नाही. दोघांना समोरासमोर उभं करून दर वाक्याला एकेक पाऊल मागे सरकवलं तर सभागृहाच्या दोन टोकांना पोचेपर्यंत शेवटचा शब्द सुटा ऐकू यायला लागतो. आठवीच्या आणि काही सातवीच्या मुलांचे आवाज फुटत असतात, त्यांना वरच्या पट्टीत ओढू नये. लाद्यांमुळे सभागृह घुमतं ते वेगळंच. मागच्या भिंतीला सतरंज्या टांगल्या आणि तेवढ्या वेळापुरते पंखे बंद केले तरी बराच फरक पडेल.

प्रयोगाची आखणी मात्र शहाणपणाची आहे. चाळीस मिनिटांचं एक नाटक, तीन नायक आणि उरलेली झाडं-ढग, हा नेहमीचा मामला नाही. तीन गट, प्रत्येकी बारा मिनिटांचं नाटुकलं, कोणालाही चारपेक्षा कमी वाक्यं नाहीत. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर ही बालनाट्यसंस्था काढली, तेव्हापासून बालनाट्य म्हटलं की मराठी पालकांना चेटकीण आणि राजकन्या आठवतात. इथे त्या मिळणार नाहीत. संवाद ध्वनिमुद्रित करून मुलांनी नुसते ओठ हलवायचे हा प्रकारही नाही, त्याचे वेगळे गुण द्यायला हवेत.

ड्रेपरीचा खर्च वाचवता येईल. काळा टी-शर्ट, काळी पँट आणि पात्राची एकच वस्तू, म्हणजे टोपी, उपरणं, फाइल. भाड्याचे कपडे प्रयोगाच्या सकाळी येतात, ढगळ असतात आणि मुलं संवादापेक्षा नाडी सांभाळत बसतात. रंगीत तालमीला कपडे मिळणार नसतील तर घेऊच नयेत.

पाचवी-सहावीच्या मुलांना बिनधास्त घालावं. राज्य बालनाट्य स्पर्धेची तयारी व्हावी म्हणून कोणी येणार असेल तर हा वर्ग त्यासाठी नाही. आठवीच्या मुलाला घालण्याआधी बाईंना विचारावं, की संहिता किती शनिवार आधी देता आणि वाक्यं म्हणून दाखवता का. मुलाला न्यायला येणाऱ्यांनी गोखले रोडवर साडेपाचला गाडी लावायची आशा सोडून स्टेशनकडून चालत यावं. सुट्टी वेळेवर होते, आणि न्यायला आलेल्या माणसाची सही घेतल्याशिवाय दादा कोणालाही सोडत नाहीत.